पहिली फिल्म स्कूटरच्या अंतरावर

पहिली डॉक्युमेंटरी घरापासून स्कूटरने वीस मिनिटांत पोचता येईल अशा जागी करा. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी आधी हेच सांगते. त्यांच्या डोक्यात लडाख असतं, सुंदरबन असतं, बस्तर असतं. विषय चांगलेच असतात. पण तिथे तुम्ही दोनदा जाल, फार तर तीनदा, आणि डॉक्युमेंटरी उभी राहते ती चाळिसाव्या खेपेला. चाळीस वेळा जाणं ज्या खिशाला आणि ज्या घराला झेपतं, ती पहिल्या फिल्मची जागा.

माझं घर इंदूरला रामबागेत. वय सत्तेचाळीस, आणि या कामात वीस वर्षं होऊन गेली. माझी स्वतःची पहिली फिल्म मिलच्या झांकीवरची. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथल्या कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. ट्रॉल्यांवर उभे केलेले हलते देखावे, बरोबर लाठ्या फिरवणारे आखाडे, आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रात्रभर जागं असलेलं शहर. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद १९९१ साली बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला ३२ वर्षं लागली. २२४ कोटींचा चेक आला तो २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कितीतरी माणसं वाट पाहूनच गेली. पण करोनाची दोन वर्षं सोडली तर झांक्या निघतच राहिल्या, वर्गणी काढून, उधारी करून. पगार नाही, मिल नाही, आणि मिलच्या नावाची झांकी मात्र आहे. हे लहानपणापासून आजोबांच्या खांद्यावर बसून पाहत आले होते, म्हणून माझ्या ते डोळ्यांवरून नुसतं सरकून जायचं. आपल्या शहरातल्या विषयाची अडचण हीच असते. त्याच्यावर उपाय एकच, तिथे जाऊन बसणं.

मी २०१२ ते २०१४ असे तीन भाद्रपद एका मिलच्या आवारात ताडपत्रीच्या मांडवाखाली बसले. एकूण ६१ खेपा. आकडा पक्का सांगते, कारण मी खेपांची वही ठेवते. तुम्हीही ठेवा, दहा रुपयांची पुरते. तारीख, कोण भेटलं, काय शूट केलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय शूट करता आलं नाही. मागच्या पानांवर पेट्रोल आणि चहाचा हिशोब. पहिल्या अकरा नोंदींमध्ये ‘शूट’च्या रकान्यात काहीच नाही. कॅमेरा पिशवीत होता. त्या अकरा दिवसांत मी फक्त एवढं शिकले, की वेल्डिंगवाला दुपारी तीनशिवाय येत नाही, कमिटीतल्या दोन काकांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, आणि सकाळचे पोहे खाऊन झाल्याशिवाय कुणाला काही विचारायचं नसतं. बाराव्या दिवशी एक काका स्वतःच म्हणाले, “बेटा, उस थैली में कैमरा है ना? निकालती क्यूं नहीं?” तेव्हा काढला.

आता आवाजाबद्दल, कारण नवीन मुलं सगळा पैसा लेन्सवर घालतात. आमच्या मांडवात एक सुतारकाका होते. मिल चालू होती तेव्हा विणकाम खात्यात मागांवर होते, सुतारकाम नंतर पोटासाठी शिकले. झांकीतल्या भीमाचा गदेचा हात हलवायचं काम त्यांच्याकडे. जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर, तिला सायकलची चेन, आणि चेनला लाकडाची एक दांडी. तेविसाव्या खेपेला वीज गेली. मी बॅटरी वाचवावी म्हणून कॅमेरा बंद केला आणि रेकॉर्डरही बंद केला. अंधारात पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग काकांनी आपण होऊन सुरुवात केली. मागखात्यात एवढा गोंगाट असायचा की माणसं ओठ पाहून बोलायची, पण त्या गोंगाटातही कोणता माग आजारी आहे ते आवाजावरून कळायचं, आणि रात्री घरी झोपेतसुद्धा कानांत तो ठेका चालू असायचा. मिल बंद झाली त्या आठवड्यात त्यांना शांततेमुळे झोप लागेना. वीस मिनिटं बोलले. माझ्याकडे त्यातलं एक अक्षर नाही.

वीज आल्यावर मी त्यांना ‘परत सांगाल का’ असं विचारलं नाही. परत सांगितलेलं पाठ केल्यासारखं येतं, आणि माणसालाही ते कळतं. पण तेव्हापासून माझा रेकॉर्डर मी जागेवर पोचले की चालू होतो आणि स्कूटरला किल्ली लावली की बंद. त्याचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण अर्धा जीबी होतो. एवढ्या स्वस्तात दुसरं काहीही मिळत नाही. मांडवातल्या सगळ्यांना माहीत असतं की तो चालू आहे. न सांगता रेकॉर्ड करणं मला मान्य नाही. आणि प्रत्येक जागेचा, कुणीही बोलत नसतानाचा एक मिनिट वेगळा घ्या. एडिटिंगला दोन वाक्यं जोडताना मधली फट भरायला तोच लागतो. स्टुडिओतली शांतता तिथे घातली तर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं.

ती वीस मिनिटं गेली ती गेलीच. पुढच्या भाद्रपदात, बेचाळिसाव्या खेपेला, तेच काका चालू मोटरवर वाकले, कान तिच्याजवळ नेला, डोळे मिटले आणि हाताने ‘बंद कर’ अशी खूण केली. मुलानं बटण दाबलं. काकांनी चेनची एक कडी सैल केली, परत चालू करायला लावलं, परत कान नेला आणि मान हलवली. हा शॉट एक मिनिट दहा सेकंदांचा आहे आणि फिल्ममध्ये तो मी पूर्ण ठेवला. अंधारातली गोष्ट मला माहीत होती म्हणूनच तो कान दिसल्याबरोबर माझा हात कॅमेऱ्यावरून ढळला नाही. लडाखला बेचाळिसावी खेप झाली नसती.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. जो परवडेल तो घ्या, उसना मिळाला तर फारच उत्तम. सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत नाही. झांकीवरच्या एलईडी माळांचं तंत्र वेगळं असतं. त्या स्वतःच्या तालावर उघडमीट करतात आणि चित्रात आडवे पट्टे फिरतात. आदल्या रात्री कारागिरांना माळा पेटवायला लावून शटर थोडं खालीवर करून पाहा. मिरवणुकीच्या रात्री हे करायला सवड नसते.

साठवणीचा हिशोब मात्र कागदावर करा. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं शूट केलंत तर तासाला ४५ जीबी. चाळीस तासांचे १,८०० जीबी, आणि दोन प्रती म्हणजे ३,६०० जीबी. दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवायची नाही. माझी सुदामानगरला मावशीकडे, धान्याच्या कोठीशेजारच्या फडताळात एका डब्यात असते. मावशी दर दिवाळीला तो डबा पुसून परत ठेवते.

पैसे. इथे जरा थांबते, कारण या धंद्यातून मुलं बाहेर पडतात ती इथूनच. स्वतंत्र डॉक्युमेंटरीवर कुणाचं घर चालताना मी पाहिलेलं नाही, निदान पहिली आठदहा वर्षं तरी नाही. घर दुसऱ्या कामावर चालतं आणि ते काम असं निवडावं लागतं की ते फिल्मच्या आड येणार नाही. मी लग्नाच्या फिल्म्स केल्या, अजून करते, मन लावून करते. त्याचं कारण पंचांगात आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, हे चार महिने लग्नवाले मोकळे, आणि झांक्या बनतात त्या नेमक्या याच दिवसांत. तुळशीच्या लग्नापासून पुढे मिळेल ते काम घ्यायचं, उन्हाळ्यात पुन्हा घ्यायचं, आणि पाऊस पडला की आपल्या फिल्मला बसायचं. तुमचा विषय कोणत्या ऋतूचा आहे ते आधी पाहा आणि पोटाचं काम दुसऱ्या ऋतूतलं शोधा. शाळांची गॅदरिंग्ज, संस्थांचे अहवालपट, डॉक्टरांच्या परिषदा, काहीही चालतं. नोकरी करून रविवारी फिल्म करणारेही माझ्या ओळखीत आहेत. त्यांची फिल्म पाच वर्षांनी होते, पण होते.

अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन लिहा. माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात साउंडवाला होता, एडिटर होता, पेट्रोल होतं, मांडवातल्या चहाचे पैसेसुद्धा होते. मी नव्हते. आईनं कागद वाचला आणि विचारलं, “यात तू कुठे आहेस?” पैसे मिळणार नसले तरी आकडा लिहायचा आणि समोर ‘निर्मातीचा वाटा’ असं लिहायचं. उद्या कुणी अनुदान द्यायला आलं तर फिल्मची खरी किंमत त्याला कळते, आणि आपल्यालाही. बिलं सरळ ठेवा. संस्था बहुधा १० टक्के टीडीएस कापून पैसे देतात. तो परत मिळवायचा तर दर वर्षी रिटर्न भरायलाच हवं. मी पहिली चार वर्षं भरलं नाही आणि तेवढ्यात एक चांगला माइक आला असता.

आता कराराबद्दल. २००९ मध्ये एका संस्थेसाठी मी पाणीवाटपावर वीस मिनिटांची फिल्म केली. तोंडी बोलणं झालं, ॲडव्हान्स मिळाला, काम झालं, उरलेले पैसेही आले. दोन वर्षांनी माझ्याच शॉट्सवर दुसऱ्या कुणाचा आवाज आणि दुसऱ्या कुणाचं नाव घातलेली फिल्म मी एका कार्यक्रमात पाहिली. त्यात एका बाईंनी फक्त माझ्या भरवशावर सांगितलेलं घरातलं दुखणं होतं, मी मुद्दाम बाहेर ठेवलेलं. मी वकिलांकडे गेले आणि तिथे पहिल्यांदा कळलं, की १९५७ चा कॉपीराइट कायदा अशा वेळी पैसे देऊन फिल्म करून घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्या पैशानं फिल्म केलीत, आणि उलट असा काही करार केला नाहीत, तर पहिला मालक तो. आता मी एक पान लिहून घेतल्याशिवाय कॅमेरा उचलत नाही. त्यात संस्थेला उद्देशून एवढंच असतं: पूर्ण झालेली फिल्म तुमची, कच्चं फुटेज माझं. फुटेज दुसरीकडे वापरायचं तर मला लेखी विचारायचं. माझं नाव श्रेयनामावलीत राहील. चार ओळी आहेत. समोरचा माणूस कितीही घरचा असला तरी लिहून घ्या. त्या बाईंना मी जाऊन भेटले आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण नंतर कधी फोन उचलला नाही.

संमतीपत्रही याच रांगेतलं. ते माणसाच्या भाषेत असू द्या. माझं मराठीत आणि हिंदीत आहे, मोठ्या टायपात, मी वाचून दाखवते आणि मग सही घेते. ज्यांना सही येत नाही ते कॅमेऱ्यासमोर बोलून देतात. पण त्या दिवशीची सही मी शेवटची धरत नाही. फिल्म पक्की करायच्या आधी ज्याची त्याची दृश्यं ज्याला त्याला दाखवते. झांकीच्या फिल्ममध्ये एका काकूंनी नवऱ्याच्या उधारीबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. मुलीचं लग्न ठरत होतं. वाक्य फार चांगलं होतं, फिल्मचा अर्धा भार त्याच्यावर होता. काढलं, आणि ती जागा मी तीन आठवडे नव्याने बांधत बसले.

गाण्यांचं एक संकट मिरवणुकीवर फिल्म करणाऱ्या प्रत्येकावर येतं. बँडवाला आणि डीजे सिनेमाची गाणी वाजवतात, ती तुमच्या फुटेजमध्ये चिकटतात, आणि त्यांचे हक्क विकत घेणं आपल्या आवाक्यात नसतं. मी दुसऱ्या वर्षी आखाड्याच्या वस्तादांना विचारून त्यांचा ढोल तालमीच्या वेळी, सकाळी, निवांत वेगळा रेकॉर्ड केला. मिरवणुकीच्या दृश्यांत तोच आहे. जिथे बँडवाला स्पष्ट दिसतो ते शॉट सोडून द्यावे लागले. ही तयारी आधीच करून ठेवा. एडिटिंगला बसल्यावर हे लक्षात आलं तर वर्षभर थांबावं लागतं.

एडिटिंगच्या आधी बोलणं कागदावर उतरवून काढणं. एका तासाच्या बोलण्याला मला पाचसहा तास लागतात. आता यंत्रं करून देतात म्हणतात, पण आमच्याकडे एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि माळवी येते, आणि यंत्र तिथे गडबडतं. शिवाय उतरवताना आपण परत ऐकतो, ते मला सोडायचं नाही. मग प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी १३४ चिठ्ठ्या चिमट्यांनी लावल्या होत्या. रंगीत नव्हत्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू होत्या. रोज संध्याकाळी त्यांची जागा बदलायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोरीच्या बाजूनं चालत वाचायचं. जिथे पाय अडखळला तिथे फिल्म अडखळते. वळवाच्या पावसात एकदा सगळ्या भिजल्या. तेव्हा आठवणीतून परत लिहिल्या आणि ज्या आठवल्याच नाहीत त्या मी फिल्ममधून काढल्या. एकवीस होत्या.

अनुदानांबद्दल लोक खूप विचारतात. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलांशी संबंधित प्रकल्पांना मदत करते आणि प्रस्ताव भारतीय भाषांतही घेते, म्हणजे मराठीत लिहा. कोलकात्याचं डॉकएज हे फिल्म लोकांपुढे मांडायचं व्यासपीठ आहे. तिथे पैसे मिळोत न मिळोत, थोडक्या मिनिटांत आपली फिल्म सांगायला शिकता येतं. डॉक्युमेंटरी करणारं सरकारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, त्यामुळे जुन्या लोकांकडून ऐकलेले पत्ते तपासून घ्या. प्रस्तावाबरोबर बहुतेक ठिकाणी थोडं फुटेज लागतं. म्हणजे पुन्हा तेच, पहिल्या वीस खेपा तुमच्या खर्चानं.

महोत्सवांपैकी मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० पासून आहे आणि तिरुवनंतपुरमचा डॉक्युमेंटरी आणि लघुपटांचा महोत्सव आपल्यासारख्यांना फार आपुलकीनं वागवतो. प्रवेशफीसाठी वर्षाची एक रक्कम ठरवा आणि त्यापलीकडे जाऊ नका. पूर्ण फिल्म यूट्यूबवर घाईनं टाकू नका, कारण बऱ्याच महोत्सवांना आधी न दाखवलेली फिल्म हवी असते. राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायची तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची कागदपत्रं आणि वेळ हातात धरा.

माझी फिल्म सात महोत्सवांनी नाकारली आणि दोघांनी घेतली. पण पहिलं दाखवणं मी मिलच्या चाळीसमोर केलं होतं, चादरीवर, भाड्याच्या प्रोजेक्टरनं. दीडशेवर माणसं आली. सुतारकाका पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. मोटरला कान लावण्याचा शॉट आला तेव्हा मागून कुणीतरी जोरात त्यांचं नाव घेतलं आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांना मोटरचा आवाज ऐकायचा होता.

काका २०१९ मध्ये गेले. तेराव्याला मी गेले तेव्हा त्यांच्या मुलानं भिंतीवर लावायला फोटो मागितला. घरात त्यांचा एकच होता, मिलच्या गेटपासवरचा, नखाएवढा. मी फिल्ममधून ती फ्रेम काढली, डोळे मिटलेले, कान मोटरकडे, आणि १२ बाय १८ मध्ये छापून, मढवून दिली. २०२३ च्या डिसेंबरात, पैसे मिळणार हे नक्की झाल्यावर, मी कॅमेरा घेऊन पुन्हा त्या चाळीत गेले. मुलगा वडिलांचे कागद पलंगावर मांडून बसला होता आणि वर तो फोटो होता. पुढची फिल्म तिथून सुरू झाली आहे. खेपांची नवी वही आता एकोणिसाव्या नोंदीवर आहे.

अंदाजपत्रकात हा खर्च आधीच धरा. प्रत्येक पात्रामागे एक पेनड्राइव्ह आणि एक मढवलेला फोटो.